लेलेकाकांची पायरी

लेलेकाका पहिल्यांदा आमच्या दारात आले ते हातात मासा घेऊन. मासा प्लास्टिकच्या पिशवीत होता, पिशवी अंगापासून हातभर लांब धरलेली होती आणि हातांत भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे होते. दार माझ्या मुलीने उघडलं आणि ती तिथूनच ओरडली, "मम! देअर्स अ फिश अंकल हिअर!"

"तुम्ही अलिबागच्या ना?" त्यांनी मला विचारलं. "मंडळाच्या कोजागिरीला आमच्या हिला कुणीतरी सांगितलं. मी लेले. समोरच राहतो. हे तुमच्याकडे चालतं ना?"

चालतं का म्हणून काय विचारता! परदेशातल्या या शहराच्या टोकाला, टाकानिनीच्या त्या नव्या वसाहतीत राहायला येऊन आम्हाला चार महिने झाले होते, आणि सुपरमार्केटमधले धुऊनपुसून बेचव केलेले तुकडे खाऊन मी विटले होते. पिशवीत चांगला दोन किलोचा अख्खा स्नॅपर होता, आपल्या तांबोशीचा लांबचा भाऊ. मी विचारलं, "आणि तुम्हाला?"

"छे, छे. आम्ही खात नाही," काका एक पाऊल मागे सरकत म्हणाले. "मी फक्त शोधतो."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळला असता तर मी पिशवी परत केली असती आणि पुढच्या चार वर्षांतले माझे शनिवार सुखात गेले असते.

काका पुण्याचे. तिकडे पाटबंधारे खात्यात होते, धरणांच्या जलाशयात होडी घालून खोली मोजत. चाळिशीत इकडे आले आणि पाण्याच्या पाइपांचे आराखडे करू लागले. घरात अंडंसुद्धा येत नसे. असा माणूस मासेमारीच्या क्लबाचा मेंबर झाला, जुनी पाच मीटरची बोट घेऊन बसला, आणि सुनंदाकाकूंनी घातलेल्या एकाच अटीवर हा संसार चालला होता: मासा उंबऱ्याच्या आत येणार नाही. म्हणून तो माझ्या उंबऱ्याच्या आत आला.

मासे न खाणारा माणूस मासे कशाला शोधतो, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं. "तळ दिसत नाही ना, म्हणून," काका म्हणाले. त्यांना समुद्राखाली काय आहे ते हवं होतं. मासा हा फक्त पुरावा.

त्यांचं म्हणणं असं की समुद्राचा तळ काही परातीसारखा सपाट नसतो. मध्येच कुठे तरी तो नदीच्या घाटासारखा एकदम खाली उतरतो. त्या उताराच्या कडेला, प्रवाहापासून आडोसा धरून, मोठा मासा बसतो आणि वरून वाहत येणारं खाणं आयतं मिळवतो. क्लबातले लोक अशा जागेला लेज म्हणत. काका पायरी म्हणत. त्यांनी ते इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे क्लबातले लोकही 'पायरी' म्हणू लागले.

पायरी शोधायची काकांची रीत होती. बोटीवर सगळ्यांच्या असतो तसा तळ दाखवणारा स्क्रीन होता, पण त्यावर त्यांचा विश्वास अर्धाच. त्यांच्याकडे शिशाचं एक जड वजन होतं, नारळाच्या वाटीएवढं, खालून पोकळ. त्या पोकळीत कपडे धुण्याचा साबण दाबून भरायचा, दोरीने तळाशी सोडायचं, वर ओढायचं आणि साबणाला काय चिकटलंय ते बघायचं. वाळू असेल तर वाळू, शिंपल्यांचा चुरा असेल तर तो, आणि काहीच नसून साबणावर नुसता ओरखडा असेल तर खडक. "स्क्रीन दाखवतो, साबण सांगतो," हे त्यांचं ब्रीद. चिकटलेला चुरा ते चिकटपट्टीने आलेखवहीत लावत आणि शेजारी खोली, वेळ, भरती की ओहोटी ते लिहीत. म्हणजे सांगत. लिहायचं मी.

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने गेले. कावाकावा बेच्या धक्क्यावरून सकाळी सातला बोट पाण्यात घातली आणि दुपारी एकपर्यंत मी फक्त आकडे लिहिले. एकतीस, एकतीस, बत्तीस, एकतीस. गळ टाकायचं नाव नाही. शेवटी एकदा काका म्हणाले, "छत्तीस!" आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मला मुलगा झाला. मग त्यांनी एका दोरीला माशाचा तुकडा बांधला, पिवळे मोजे घालूनच, आणि खाली सोडला. त्याला गळ नव्हताच.

"काका, गळ?"

"आज कशाला? स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. आता टोचलं तर मासा शहाणा होईल. नुसती टकटक मोजायची." दोरीवर बोट ठेवून ते डोळे मिटून बसले. "एक. दोन. ही मोठ्याची. तीन."

सात मोजून त्यांनी दोरी गुंडाळली आणि डबा उघडला. डब्यात दडपे पोहे आणि केळी. बोटीवर केळं न्यायचं नाही, अपशकुन होतो, असं इथले सगळे मच्छीमार मानतात. काकांना ते माहीत होतं. "सात टकटकी आल्यावर केळ्याने काय होतंय?" असं म्हणून त्यांनी एक मला दिलं. मी रिकाम्या हाताने घरी आले आणि माझी कोकम घालून ठेवलेली कढी तशीच राहिली.

क्लबाची स्पर्धा मार्चमध्ये. नियम सोपा: दिवसभरातला सगळ्यात वजनदार स्नॅपर, संध्याकाळी चारच्या आत काट्यावर. ज्या बोटीचा मासा, तिच्या मालकाचं नाव क्लबाच्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत. फळी जुनी आणि लांबलचक. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यावर एकही आपलं नाव नव्हतं, आणि तेव्हाच माझ्या डोक्यात किडा शिरला. इथे आपण विद्यार्थी म्हणून येतो, दुसऱ्यांच्या गोदामांत खोकी उचलतो, मग नोकरी, मग घर. पण भिंतीवर कुठे नाव लागत नाही. काकांचं लागायला हवं, असं मला फार वाटायचं. अजून वाटतं.

पहिल्या स्पर्धेच्या सकाळी धक्क्यावर आम्ही बोट उतरवत होतो. शेजारी हिरव्या बोटीवाला ब्रेंट. टायर विकतो, बोलायला गोड. "किया ओरा, लेले! काही सापडतंय का सध्या?"

या प्रश्नाचं उत्तर इथे ठरलेलं आहे. कितीही सापडत असो, खांदे उडवायचे आणि म्हणायचं, "जस्ट अ फ्यू पॅनीज, मेट." पॅनी म्हणजे तव्यात मावेल एवढुसा मासा. विचारणाऱ्यालाही ते खोटं आहे हे माहीत असतं. ती सभ्यता आहे.

लेलेकाकांनी आलेखवही काढली. ब्रेंटच्या गाडीच्या बॉनेटवर पसरली आणि त्याला भरती कधी, ओहोटी कधी, मासा पायरीच्या कुठल्या टोकाला, सगळं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मी मागून त्यांचा शर्ट ओढत होते. आम्ही पोचलो तेव्हा हिरवी बोट आमच्या छत्तीस मीटरवर नांगर टाकून बसली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. संध्याकाळी ब्रेंटचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या काकांनी वाजवल्या. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? छत्तीस. मी म्हटलं होतं."

"काका, बक्षीस त्याला मिळालं."

"पण पायरी खरी निघाली ना?"

दुसऱ्या वर्षी ब्रेंटलाच पुन्हा, वेगळ्या पायरीवर. तिसऱ्या वर्षी मी काकांना धक्क्यावर कुणाशी बोलूच दिलं नाही. पण त्यांनी आधीच्याच आठवड्यात पायरीचं सुबक रेखाचित्र काढून क्लबाच्या सूचनाफलकावर टाचणीने लावलं होतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, सर्वांच्या उपयोगासाठी. त्या वर्षी ब्रेंटचा मेव्हणा जिंकला. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात, पण पीठही आपलंच?

मी भांडायची. काका शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "वैशाली, मला सापडला तर लोक म्हणतील नशीब. दुसऱ्याने माझ्या आकड्यांवर जाऊन काढला, म्हणजे आकडे खरे." तरीही मी बोलायचेच. म्हणायचे, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला उगाच शास्त्राची शाल पांघरू नका.

मग एक दिवस सुनंदाकाकूंनी सांगितलं की ते ब्रिस्बेनला चाललेत, मुलाकडे, कायमचे. घर विकायला काढलं. बोटही जाणार. मार्चची स्पर्धा शेवटची.

त्या आठवड्यात आम्ही क्लबात फॉर्म भरायला गेलो होतो. मी पैसे भरून मागे वळले तर काका फळीसमोर उभे. शेवटच्या नावाखालची रिकामी ओळ ते बोटाने, फळीला न लावता, हवेतच मोजत होते.

"डी. व्ही. लेले. इंग्रजीत सहाच अक्षरं," ते म्हणाले. "रंगही फार लागणार नाही त्यांना."

मला कळलं की या माणसालाही हवंय. चार वर्षं मी एकटीच वेडी नव्हते. त्या दिवसापासून मी हात धुऊन मागे लागले. काकूंना साक्षीला बसवून काकांकडून वचन घेतलं: धक्क्यावर नाही, क्लबात नाही, मंडळात नाही, ईमेलने नाही. कुणाला काही सांगणार नाही. काकू म्हणाल्या, "एकदा तरी तोंड मिटा हो. या पोरीसाठी."

सहा आठवडे शोधलं. एक शनिवार वाऱ्याने गेला, एक पावसाने, दोन शनिवार नुसता चिखल लागला. मी वैतागून साबण समुद्रात फेकायच्या बेतात होते. पाचव्या शनिवारी, गेल्या वर्षीच्या पायरीपासून तीनशे मीटरवर, वजन वर आलं आणि साबणावर स्वच्छ ओरखडा. जरा पुढे शिंपल्यांचा चुरा. अठ्ठावीसवरून एकदम चौतीस. काकांनी बिनगळाची दोरी सोडली, डोळे मिटले आणि अकरा मोजले. अकरा! सहाव्या शनिवारी पुन्हा खात्री. मग पूर्ण आठवडा ते गप्प राहिले. पोटात दुखतंय अशा चेहऱ्याने ते समोरच्या अंगणात फिरताना दिसायचे.

स्पर्धेच्या दिवशी धक्क्यावर ब्रेंटने विचारलं, "एनी लक, लेले?" काकांनी माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "जस्ट अ फ्यू पॅनीज, मेट." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

चौतीसवर आम्ही एकटे. आजूबाजूला एक बोट नाही. अकरा वाजता माझी गळाची काठी वाकली ती टोक पाण्यात जाईपर्यंत. वीस मिनिटं ओढत होते, दंडांना कळा आल्या. काकांनी पिवळ्या मोज्यांनी जाळं धरलं, तोंड फिरवून, पण नेमकं खाली घातलं. सात किलो शंभर ग्रॅम. एवढा मासा मी चार वर्षांत बघितला नव्हता. रेडिओवर लोक आपापली वजनं सांगत होते. पाचच्या वर कुणी नव्हतं. काका बर्फाची पेटी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते, नाकाला रुमाल लावून.

एक वाजता रेडिओ खरखरला. ब्रेंट. "लेले, यू देअर, मेट?" म्हणाला, तू गेल्या वर्षी फलकावर लावलेली ती पायरी मेलेली आहे. दोन तास बसलोय, एक टोच नाही. गाळाने भरली बहुतेक. तेव्हाही नुसतं नशीबच असेल. "नो ऑफेन्स."

काकांचा हात माइककडे गेला.

"काका, ठेवा तो."

"अगं, पण तो चुकीचं बोलतोय."

"बोलू दे!"

"गाळ? तिथे पाण्याला एवढी ओढ आहे, गाळ राहील कसा?" त्यांचे कान लाल झाले होते. आणि मी काठी खाली ठेवून पोचेपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं. "ब्रेंट, इट इज नॉट सिल्टेड. यू आर लेट." मग ते सांगत सुटले: ओहोटी लागली की मासा ती पायरी सोडतो आणि बाहेरच्या पायरीवर येतो, ईशान्येला तीनशे मीटर, चौतीसवर, शिंपल्यांच्या कडेला. अक्षांश सांगितले, रेखांश सांगितले. शेवटचा दशांश दोनदा सांगितला, चूक नको म्हणून.

"स्वीट अॅज," ब्रेंट म्हणाला, म्हणजे झकास.

वीस मिनिटांत हिरवी बोट आली. अडीच वाजता त्यांच्या बोटीवर आरडाओरडा झाला. मी बघितलंच नाही. काट्यावर सात किलो सहाशे भरला.

परत येताना मी बोटीच्या टोकाला पाठ करून बसले होते. काका म्हणाले, "मी वचन मोडलं नाही हं, वैशाली. मी सांगितलं नाही. मी दुरुस्त केलं."

हातातोंडाशी आलेला घास गेला की माणूस रडतो. मला रडूसुद्धा येईना, इतका राग आला होता. संध्याकाळी रिकाम्या ओळीखाली ब्रेंट उभा राहून फोटो काढून घेत होता आणि काका हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक रचत होते. दरवर्षी रचतात. कुणी सांगितलेलं नसतं. खुर्च्या रचून झाल्यावर ते एकदा फळीकडे गेले, बघितलं आणि चष्मा पुसत माझ्याकडे आले. "चल," म्हणाले.

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. तो सात किलोचा मासाही मी काकूंच्या दारात ठेवून येणार होते, पण त्यात काकूंचा काय दोष? माझ्याच फ्रीझरमध्ये राहिला.

बोलले ते बोट विकली त्या दिवशी. बोट घ्यायला न्यू लिनहून एक नवखा माणूस आला होता. त्याला नांगर आणि जाळं दाखवून झाल्यावर काकांनी आलेखवही काढली आणि त्याच्या हातात दिली. निम्मी वही माझ्या अक्षरात होती. चार वर्षांचे माझे शनिवार त्यात होते. ती माझ्याकडे येणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

"काका! वही?"

"बोटीबरोबर नकाशा जातोच," ते म्हणाले. "नाहीतर तो बिचारा शोधणार कसा?"

"आणि मी?"

"तुला पाठ आहे की सगळं."

मला पाठ होतं. बोट नव्हती.

विमानतळावर सोडायला मीच गेले. काउंटरवर बॅग दोन किलोंनी जास्त भरली. काकूंना ठाऊक होतं काय ते. "काढा ते," त्या म्हणाल्या. काकांनी शिशाचं वजन काढलं, पोकळीतला साबण अजून तसाच होता, आणि टाकून न देता हातात धरलं. मी म्हटलं, "द्या माझ्याकडे, मी ठेवते." त्यांनी विचार केला. "नको," म्हणाले. "तिकडे तळ निराळा असेल."

निरोप घेताना मी वाकले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मला म्हणायचं होतं की मला अजून राग आहे, आणि तुमच्यासारखा माणूस मला इथे दुसरा मिळणार नाही. दोन्ही एका वेळी म्हणता येईना. मी नुसतं म्हटलं, "पोचल्यावर फोन करा."

आत जायच्या दाराशी पास तपासायला एक दांडगा तरुण अधिकारी होता. त्याने काकांच्या हाताकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. काकांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. काकूंनी कपाळावर हात मारला. काकांनी वजन उलटं करून त्याला साबण दाखवला, मग दुसरा तळवा आडवा धरला, सपाट पुढे नेला आणि एकदम खाली उतरवला. मागे रांग लागली होती. अधिकारी वाकून बघत होता. मग त्याने काहीतरी विचारलं आणि खिशातून पेन काढलं.

"काका, नका सांगू!" मी तिथूनच ओरडले.

काकूंनी वळून बघितलं. आजूबाजूच्या चार माणसांनीही बघितलं. काकांनी काही बघितलं नाही. त्यांचा हात तेव्हा चौतीस मीटर खाली होता.